फिगर स्केटिंग : मोकळ्या पायाची शिस्त

फिगर स्केटिंगमध्ये खेळाडू बहुतांश वेळ एकाच पायावर असतो. ज्याचे पाते बर्फावर टेकलेले असते तो आधाराचा पाय आणि हवेत राहतो तो मोकळा पाय. नावाने मोकळा असला, तरी या पायाला मोकळीक फारशी नसते. तोल कोठे झुकतो, पाते कोणत्या धारेवर राहते, गिरकी वाढते की आवरली जाते, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. प्रेक्षकांचे लक्ष उड्यांकडे असते. जाणकार मात्र आधी या पायाकडे पाहतात.

याचे कारण पात्याच्या घडणीत आहे. सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या पात्याच्या तळाला लांबीभर उथळ खोबण असते. त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. खेळाडू ज्या धारेवर झुकतो, त्या बाजूची कमान बर्फावर उमटते. एका पायाचा भार शरीराच्या भाराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका असतो, शिवाय त्यात बुटाचे वजन. एवढे ओझे सैल सोडले, तर त्या बाजूचा खुबा खचतो, झुकाव बिघडतो आणि कमानीची सरळ रेघ होते.

साध्या पुढच्या सरकण्यातच ही शिस्त सुरू होते. पात्याच्या कडेने रेटा दिल्यावर मोकळा पाय मागे, बर्फावर उमटणाऱ्या रेघेच्या वर राहावा लागतो. गुडघा ताठ, पाऊल ताणलेले आणि संपूर्ण पाय बाहेरच्या बाजूस वळलेला. हे वळणे खुब्यातून व्हावे लागते. नवशिके केवळ घोटा वाकडा करतात. लांबून ते दिसत नाही, पण पुढच्या प्रत्येक हालचालीत आड येते. पुढचा रेटा देण्यापूर्वी मोकळा पाय आधाराच्या पायाशेजारी यायला हवा. दोन पायांत अंतर ठेवून चालल्यासारखे स्केटिंग करणाऱ्याची धार कधीच खोल होत नाही.

वळणांमध्ये तर मोकळ्या पावलाच्या जागेवरून प्रकारच बदलतो. मोहॉक या वळणात खेळाडू एका पायावरून दुसऱ्या पायावर जाऊन दिशा पालटतो. धार मात्र त्याच जातीची राहते. मोकळ्या पायाची टाच आधाराच्या पावलाच्या आतल्या बाजूस टेकवली, तर तो उघडा मोहॉक. भार बदलताच नवा मोकळा पाय टाचेच्या मागे जातो. बंद मोहॉकमध्ये मोकळ्या पायाची आतली कमान आधाराच्या टाचेशी धरून तो टाचेमागे टेकवतात आणि नवा मोकळा पाय पुढे राहतो. आइस डान्समध्ये हा फरक काटेकोरपणे तपासला जातो.

सर्वांत कठीण परीक्षा उडीनंतरची. हवेत खेळाडू पाय आवळून, घोट्याशी एकमेकांवर घेऊन फिरतो, कारण शरीर आसाजवळ आले की गिरकीचा वेग वाढतो. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा खेळाडू उजव्या पायाच्या मागच्या बाहेरील धारेवर उतरतो. त्या क्षणी उरलेली गिरकी थोपवायची असते आणि ते काम डावा, म्हणजे मोकळा पाय करतो. तो पुढून, आधाराच्या पायाला जवळजवळ घासून मागे जातो व लांब ताणला जातो. हात आणि पाय पसरल्याने गिरकी मंदावते आणि खेळाडू मोठ्या कमानीत मागे वाहत जातो. हाच पाय बाजूने फेकला, तर तो शरीराला आणखी फिरवतो. मग पाऊल बर्फाला लागते, कधी खेळाडू दुसऱ्या पायावर उतरून तोल सावरतो. दोन्हींत गुण कापले जातात. पडण्याची अनेक दृश्ये फेरे अपुरे पडल्याची वाटतात. त्यांतली काही या उशिरा आलेल्या पायाची असतात.

स्पायरल व कॅमल गिरकीत नियम उघड शब्दांत सांगतो. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या व्याख्येनुसार स्पायरलमध्ये मोकळा पाय, गुडघा व पाऊल दोन्ही धरून, खुब्याच्या पातळीहून वर असायला हवा. कॅमल गिरकीत तो मागे असून गुडघा खुब्यापेक्षा उंच लागतो. गुडघा वाकवून केवळ पाऊल वर नेणे हा नेहमीचा पळवाटीचा उपाय; तो परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. बैठ्या गिरकीचा निकष मात्र आधाराच्या पायाच्या मांडीला लावतात, ती निदान बर्फाला समांतर हवी. तेथे मोकळा पाय बहुधा पुढे ताणलेला असतो.

पूर्वी ही शिस्त अनिवार्य आकृत्यांतून अंगी बाणत असे. बर्फावर वर्तुळे व वळणे कोरायची आणि परीक्षकांनी ती रेघ न्याहाळायची, असा तो विभाग होता. मोकळा पाय हेलकावला की रेघ चुगली करी. १९६८ पर्यंत या आकृत्यांना एकूण गुणांपैकी ६० टक्के वाटा होता. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची त्रिक्सी शूबा मुख्यतः आकृत्यांच्या बळावर सुवर्णपदक जिंकली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना हा विभाग कंटाळवाणा वाटे. १९९० नंतर तो जागतिक स्पर्धेतून वगळला गेला. खेळ त्यामुळे रंजक झाला हे खरे, पण संथ गतीने पाय जागेवर ठेवण्याचे ते तास पुन्हा तितक्या सक्तीने भरले गेले नाहीत.

महाराष्ट्र, गोवा आणि बेळगाव परिसरात स्केटिंग म्हणजे बहुधा चाकांचेच. त्यातील कलात्मक प्रकारात धारा, वळणे आणि मोकळ्या पायाचे संकेत जवळपास हेच आहेत. चार चाकांचा बूट अधिक जड असल्याने मोकळा पाय लवकर खाली येतो. कठड्याला धरून एका पायावर उभे राहायचे, दुसरा खुब्यातून बाहेर वळवून मागे ताणायचा आणि दोन्ही खुबे सम पातळीत ठेवायचे, हा सराव बूट न घालताही घरी करता येतो.