उत्तर कोणत्या भाषेत आले?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुपारी जळगाव जिल्ह्यातल्या भडगावात एखाद्या जुन्या घराच्या ओट्यावर तासभर बसून पाहा. पितरांची घागर भरून झालेली असते, तिच्यावर डांगर ठेवलेले असते. माहेरी आलेल्या लेकी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर असतात आणि गौराईची गाणी अहिराणीत चालू असतात. आतून आजी नातवाला हाक मारते, "आठे ये, जेवी ले." नातू मोबाइलमधून डोके न काढता म्हणतो, "आलो गं, पाच मिनिटं." नातवाला हाक कळते, आजीला उत्तर कळते, कुणाचे काही अडत नाही. अडत नाही म्हणूनच तिथे काही घडले हेही कुणाच्या लक्षात येत नाही. भाषांच्या ऱ्हासाचा अभ्यास करायला निघालेल्या तुमच्यासारख्यांचे स्वागत मी याच ओट्यावर करतो आहे. आपला विषय त्या हाकेच्या आणि त्या उत्तराच्या मधल्या जागेत आहे.

ही सुरुवात रूढ नाही, हे मान्य. या विषयावरचे लेखन बहुधा शेवटच्या भाषकापासून सुरू होते. 1992 मध्ये तुर्कस्तानात तेवफिक एसेंच वारले आणि 80 हून अधिक व्यंजने असलेली उबिख भाषा बोलणारे कुणी उरले नाही. 2010 च्या जानेवारीत अंदमानात बोआ सीनियर गेल्या आणि अका-बो ही भाषा गेली. या बातम्या वाचून गलबलते, पण अभ्यासकाला त्यातून फारसे हाती लागत नाही. तेराव्याला गेलेल्या माणसाला आजार कसा सुरू झाला ते कळत नाही.

या शेवटच्या भाषकांतही मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला माणूस म्हणजे एड्रियाटिक समुद्रातल्या क्रक बेटावरचा तुओने उदाइना. 1897 मध्ये मातेओ बार्तोली हा भाषाशास्त्रज्ञ त्याच्याकडून डाल्मेशियन भाषा उतरवून घ्यायला गेला, तेव्हा उदाइनाचे दात पडलेले होते, कानाने कमी ऐकू येत होते आणि ती भाषा बोलून त्याला सुमारे 20 वर्षे झाली होती. मुख्य गोष्ट पुढेच आहे. ही भाषा त्याला कुणी बोलायला शिकवलीच नव्हती. घरातली मोठी माणसे आपसात बोलत, ते कानावर पडून पडून ती त्याला आली होती. पुढच्याच वर्षी, 10 जून 1898 ला, तो एका स्फोटात मेला. इतिहासात त्याची नोंद शेवटचा भाषक अशी झाली. खरे तर तो शेवटचा श्रोता होता. आजीच्या हाकेला मराठीत ओ देणारा आपला नातू त्याचा जवळचा नातलग लागतो.

अशा माणसांचा पहिला नेटका अभ्यास भाषाशास्त्रज्ञ नॅन्सी डोरियन यांनी स्कॉटलंडच्या पूर्व सदरलंडमधल्या मच्छीमार वस्त्यांत केला. तिथली गेलिक त्या 1963 पासून ऐकत होत्या. भाषा अर्धीमुर्धी बोलणाऱ्यांना त्यांनी 'अर्धभाषक' म्हटले आणि त्यांच्याविषयी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. या लोकांचे व्याकरण पांगळे असते, पण गप्पांत कुठे हसायचे, कुठे हुंकार भरायचा, कुठे एखादा तयार वाक्प्रचार टाकायचा हे त्यांना चोख कळते. त्यामुळे ते अर्धे आहेत हे गावालाही ओळखू येत नाही. पुण्याहून दिवाळीला गावी आलेली आमच्याकडची मंडळी मला यात लख्ख दिसतात. "काय शे?" म्हणून जोरात सुरुवात करायची आणि तिसऱ्या वाक्याला मराठीवर उतरायचे.

आता आकडे. जगात आज सुमारे 7,000 भाषा आहेत, असा सर्वसाधारण हिशेब आहे. 1992 मध्ये भाषाशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांनी इशारा दिला की शतकभरात यांतल्या 90 टक्क्यांपर्यंत भाषा मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या असतील. त्यानंतर 'दर पंधरा दिवसांनी एक भाषा मरते' हे वाक्य भाषणाभाषणांतून फिरू लागले. हवाई विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या संकटग्रस्त भाषांच्या सूचीत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे तीन महिन्यांना एक असे निघाले. तेही कमी नाही. पण फुगवलेला आकडा उघडा पडला की खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो, म्हणून सुरुवातीलाच सावध केलेले बरे.

आपल्याजवळचा आकडा मात्र नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली, अहिराणी धरून, 2001 मध्ये 20,75,258 माणसे नोंदली गेली आणि 2011 मध्ये 18,60,236. दहा वर्षांत दोन लाखांहून अधिक घट. याच दहा वर्षांत एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 36 लाख 82 हजारांवरून 42 लाख 29 हजारांवर गेली. म्हणजे माणसे वाढली आणि भाषक घटले. मग हे दोन लाख गेले कुठे? बरेचसे कुठेही गेले नाहीत, त्यांचा फक्त रकाना बदलला. दारात उभा राहून तक्ता भरणारा बहुधा शिक्षक असतो. तो मराठीत विचारतो, समोरचा शक्य तितक्या शुद्ध मराठीत उत्तर देतो, आणि मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' पडते. कित्येकदा विचारण्याचीही गरज भासत नाही.

पण यात आणखी एक मेख आहे. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलत असे ती. व्याख्या चांगली आहे, पण ती मागे पाहते. साठीच्या बाईची आई तिच्याशी काय बोलत होती हे तिच्यातून कळते. ती बाई स्वतः नातवंडांशी काय बोलते हे कळत नाही. ओट्यावर आज घडलेली गोष्ट जनगणनेत यायला निदान एक पिढी लागेल. तुम्हाला जे कळायला हवे ते सरकारी तक्त्यात मिळणार नाही आणि तुमच्या घरात मिळेल, ते यामुळे.

एक अवघड गोष्टही इथेच बोलून टाकतो. मराठी वाचक या विषयाकडे वळतो तो बहुधा इंग्रजीच्या धास्तीने. मराठी टिकेल का, मराठी शाळा बंद पडताहेत, ही चिंता रास्तच आहे. पण भडगावच्या ओट्यावरून पाहिले तर चित्र उतरंडीचे दिसते. इंग्रजी मराठीला जे करते ते मराठी अहिराणीला करते, आणि अहिराणीनेही कुणाला तरी ते केलेले आहे. सपाटीवरच्या कित्येक भिल्ल कुटुंबांची घरची बोली आज अहिराणी आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशी घातली ती मराठीच्या खंडात नाही, भिल्ली भाषांच्या सोबतीला. त्यावरून 'अहिराणी ही भाषा की बोली' असा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. मला त्यात रस नाही. नातवाने उत्तर मराठीत दिले, त्या उत्तराला या वादाच्या निकालाने काही फरक पडत नाही.

उतरंडीच्या तळाशी काय असते ते पाहायचे तर सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदला जावे लागेल. (आपले जळगाव नव्हे, हे बुलढाणा जिल्ह्यातले.) तिथल्या काही गावांत आणि पलीकडे बऱ्हाणपूरच्या बाजूला निहाली बोलली जाते. बोलणारे सुमारे दोन-अडीच हजार. निहालीत कोरकू शब्दांचा भरणा आहे, द्राविडी आणि मराठी शब्द आहेत, पण भाषाशास्त्रज्ञ कुइपर यांनी 1962 मध्ये सगळे उसने शब्द बाजूला काढून पाहिले तेव्हा सुमारे पाव भाग असा उरला की त्याचे नाते जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषेशी लागेना. दोन, तीन, चार या आकड्यांची नावे द्राविडी वळणाची आहेत आणि एक मात्र 'बिदुम', कुणाशी सोयरीक नसलेला. निहालीभाषकाला कोरकूही येते, बाजारासाठी मराठी किंवा हिंदीही येते. इतक्या भाषा येणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणतो, हे जाता जाता. जनगणनेच्या छापील यादीत निहाली तुम्हाला सापडणार नाही: 10 हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे न छापण्याचा प्रघात 1971 पासून आहे.

अहिराणी त्या टोकापासून फार दूर आहे. लाखो लोक ती बोलतात. सुरतेच्या मागांवर ती ऐकू येते, लग्नाच्या वरातीत तिची गाणी वाजतात, मोबाइलवर तिच्यातले विनोदी व्हिडिओ धो धो पाहिले जातात. मला त्या विनोदांचीच थोडी काळजी वाटते. ज्या भाषेत फक्त हसवले जाते आणि भांडण, सोयरीक, सालदाराचा (सालगड्याचा) करार हे सगळे दुसऱ्या भाषेत होऊ लागते, तिच्या शब्दसंख्येला धक्का लागलेला नसतो, पण तिच्यातून कामे निघून गेलेली असतात. आखाजीला सालदाराचे नवे साल ठरते; ती बोलणी कुठल्या भाषेत झाली हे टिपणे मला शंभर दुर्मीळ शब्द गोळा करण्याहून मोलाचे वाटते.

शब्द गोळा करू नका, असे म्हणत नाही. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश आणि व्याकरणाचा अभ्यास, सुधीर देवरे यांनी संपादित केलेले 'ढोल' हे नियतकालिक, गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातला अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड हे हाताशी असायलाच हवे. पण भाषेतून आधी काय निसटते ते शब्दकोशात दिसत नाही. एकच उदाहरण देतो. मराठीत पुरुष 'मी करतो' म्हणतो, बाई 'मी करते' म्हणते. अहिराणीत दोघेही म्हणतात, 'मी करस'. तूही 'करस' आणि तोही 'करस'. अनेकवचनात सगळे 'करतस'. क्रियापदाचे हे रूप अर्धभाषकाच्या तोंडून सर्वांत आधी जाते. 'माले', 'तुले' टिकून राहतात, 'मन्हा', 'तुन्हा' टिकतात, आखाजी आणि आंडोर (मुलगा) हे शब्द तर दिमाखाने मिरवले जातात, आणि त्यांच्या शेवटी क्रियापद येते ते मराठी: 'माले ते आवडतं.' वरून अहिराणी, खालून मराठी. असे वाक्य कानावर पडले की तारीख, वक्त्याचे वय आणि तो कुणाशी बोलत होता, एवढे लिहून ठेवा.

कान तयार नसेल तर 'ळ' पासून सुरुवात करा. अहिराणीत शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, केळ्याचे केय. पहिलीत मी 'शाया' म्हणालो तेव्हा गुरुजींनी फळ्यासमोर उभे करून दहा वेळा 'शाळा' म्हणायला लावले होते. राग त्यांचा नाही. त्यांच्याही घरी शायाच म्हणत असणार.

माझी या विषयातली पहिली ध्वनिफीत आजीची आहे. चाळीस मिनिटे ती केळीच्या बागेबद्दल, गिरणेच्या पुराबद्दल, तिच्या लग्नाबद्दल बोलते. कित्येक वर्षे मी ती अहिराणीचा उत्तम नमुना म्हणून विद्यार्थ्यांना ऐकवत होतो. मग एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही प्रश्न मराठीत का विचारताय?" घरी जाऊन पुन्हा ऐकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझे सगळे प्रश्न, सगळे हुंकार मराठीत होते. सुरुवातीला आजी त्यांना तिच्या भाषेत उत्तर देते. विसाव्या मिनिटाच्या आसपास ती अडखळू लागते, एक शब्द उलटून पुन्हा म्हणते. शेवटच्या पाच मिनिटांत ती बागेबद्दल परत काहीतरी सांगते आहे, आणि 'केय' न म्हणता, सावकाश, जीभ टाळूला नीट लावून, माझ्यासाठी 'केळं' म्हणते.