मुलांच्या शाळेतील नोंदी : पाहण्याचा हक्क आपला, जपण्याची जबाबदारी शाळेची

शिष्यवृत्ती असो, जातीचा दाखला असो की पासपोर्ट, शेवटी कागद शाळेतलाच मागतात. मग कुठे 'शेख'चं 'शैख' झालेलं निघतं, कुठे जन्मतारीखच वेगळी. ऐन ॲडमिशनच्या दिवसांत पालकांची ही धावपळ आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. म्हणून नियम आधीच माहीत असलेले बरे.

जनरल रजिस्टर

मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात यांची मूळ नोंद जनरल रजिस्टरमध्ये असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच लिहितात. मूल शाळेत असतानाच नोंद तपासा आणि चूक असेल तर मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह लेखी अर्ज द्या. शाळा सोडल्यावर दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असेल तर पुढे अडचण येते. बागवान, मोमीन, पिंजारी, अत्तार, तांबोळी या बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, तर छप्परबंदसारख्या विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. अशा वेळी आजोबांच्या शाळेतला रजिस्टरचा उतारा कामी येतो. जुनी नोंद उर्दूत असेल तर मराठी भाषांतर सोबत जोडा.

नोंद मिळत नसेल तर

सरकारी, जिल्हा परिषद व अनुदानित शाळेकडे माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अर्ज करता येतो. फी 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. न आल्यास पहिलं अपील करा. बोर्डाच्या परीक्षेत लिहिलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला आहे. सरकारी शाळेत प्रवेश घेताना जुन्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला, एवढ्यावरून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही.

दुसऱ्यांना काय दाखवायचं नाही

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी स्पष्ट केलं. 2018 च्या आधार निकालानुसार शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचा करता येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

तरीही शिष्यवृत्तीच्या याद्या आधार आणि बँक खाते क्रमांकासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. यात वाईट हेतू क्वचितच असतो, घाई असते. पण तोच क्रमांक उद्या फसवणूक करणाऱ्याच्या हाती लागू शकतो. अशी यादी दिसली तर ती पुढे पाठवू नका, शाळेला काढून टाकायला सांगा. कागद ग्रुपवर न टाकता थेट वर्गशिक्षकांकडे द्या.

आज एवढं करा

शाळेत जाऊन मुलाची नोंद डोळ्यांनी पाहा. नावाचं स्पेलिंग आधार, जन्मदाखला आणि रजिस्टर या तिन्हींत एकच आहे का, ते ताडून घ्या. अर्ज दिलात तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, पोच असली की विचारता येतं.