नक्षी, नकाशा आणि भोकांचे कार्ड

सोलापुरी चादरीवरच्या मोराच्या मानेकडे अगदी जवळून पाहावे. चार हातांवरून जी मान गोल आणि डौलदार वाटते, तिच्या कडेला जवळून पायऱ्या दिसतात. दोन धागे वर, एक आडवा, पुन्हा दोन वर, एक आडवा. मोराची सगळी गोलाई अशा पायऱ्यांनी बनलेली असते. चादर मागावर चढण्याआधी तो मोर चौकटींच्या कागदावर बसलेला होता, आणि त्या कागदाच्या खुणा कापडाने जपून ठेवल्या आहेत.

संगणकावर विचार मांडण्याची साधने आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली आहेत. पडद्याच्या मधोमध एक विषय लिहायचा, त्याला फांद्या फोडायच्या, फांद्यांना टिपणे जोडायची. हा झाला 'माइंड मॅप'. किंवा रंगीत चिठ्ठ्या पडद्यावर लावायच्या आणि कामे पुढे सरकतील तशा त्या एका रकान्यातून दुसऱ्यात न्यायच्या. या साधनांचे कूळ शोधत मागे गेले की दोन घराणी सापडतात. एक कागदी चिठ्ठ्यांचे, दुसरे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचे. दुसऱ्या घराण्याची एक शाखा सोलापूरच्या पूर्व भागात अजून नांदते आहे.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत 'नक्षी' शोभेची आणि 'नकाशा' वाटा-गावांचा, असे आपण धरून चालतो. दोन्ही शब्द मात्र एकाच अरबी 'नक्श' या शब्दापासून फारसीमार्गे आपल्याकडे आले. कोरणे, रंगवणे, ठसा उमटवणे हा त्याचा अर्थ. विणकरांच्या जगात ही दोन भावंडे कधी वेगळी निघालीच नाहीत. बनारसला नक्षी रचणाऱ्या कारागिराला 'नक्शबंद' म्हणत. तो आधी कागदावर चित्र काढी आणि मग दोऱ्यांच्या उभ्या-आडव्या गुंफणीतून त्या चित्राचा 'नक्शा' बांधी. हा नक्शा मागाला जोडला जाई. मदतनीस त्यातल्या दोऱ्या क्रमाने ओढी, त्यासरशी ताण्याचे ठरलेले धागे वर उचलले जात आणि खालून विणकर धोटा फेकी. मागाला जोडलेला तो नक्शा म्हणजे नुसते चित्र नव्हते. कोणता धागा कधी उचलायचा याची आठवण त्या दोऱ्यांत बांधून ठेवलेली असे. मला या कुळकथेतला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. एका माणसाच्या डोक्यातली रचना अशा रूपात बाहेर आली, की ती दुसऱ्याला समजून न घेताही वापरता यावी.

फ्रान्समधल्या लियों शहरात रेशमी कापड विणताना हेच काम मागाशी बसवलेली मुले करत. दिवसभर दोऱ्या ओढायच्या, आणि एक दोरी चुकली की नक्षी बिघडली. १७२५ मध्ये बाझिल बुशों याने भोके पाडलेली कागदाची गुंडाळी मागाला जोडली. तीन वर्षांनी फाल्कों याने गुंडाळीऐवजी एकमेकांना शिवलेली कार्डे आणली. व्होकान्सों याने शतकाच्या मध्यावर ती यंत्रणा मागाच्या डोक्यावर नेली. या तिघांच्या खटपटी एकत्र करून, १८०४ च्या सुमारास, जोझेफ मारी जाकार याने चालते यंत्र उभे केले. यंत्राला नाव त्याचे मिळाले. सोलापुरात ते 'जेकार्ड' झाले आणि मराठीत असे मुरले, की नावामागे कोणी माणूस होता हेही कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

त्याची रीत साधी आहे. चौकटींच्या कागदावर नक्षी रंगवायची. कागदावरची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड. ओळीतली चौकट रंगवलेली असेल तर कार्डाला तिथे भोक, कोरी असेल तर तिथे पुठ्ठा शाबूत. मागावर कार्ड सुयांच्या रांगेसमोर येऊन टेकते. भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिच्या हुकाला अडकलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. धोटा बाणा घेऊन मधून पळतो. मग पुढचे कार्ड. नक्षीत चारशे ओळी असतील तर चारशे कार्डे, दोऱ्याने गुंफून माळ केलेली. शेवटचे कार्ड संपले की पहिले पुन्हा समोर येते. एखादे भोक चुकीच्या जागी पडले, तर ती चूक प्रत्येक आवर्तनात, प्रत्येक चादरीवर, ठरलेल्या ठिकाणी उमटते. म्हणून पियानोसारख्या कळांच्या यंत्रावर बसून कार्डे पाडणाऱ्याचे डोळे कागदाच्या ओळीवरून हलू नयेत, अशी अपेक्षा असते.

सोलापूरला हे तंत्र रुजायला जमीन तयार होती. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल लोकांच्या तोंडी 'जुनी मिल' म्हणून राहिली. गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस उजाडू लागला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आपले माग पूर्व भागात मांडले. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, असा हा भाग. हातमागाचे यंत्रमाग झाले, पण वर जेकार्ड तसेच राहिले. चादरीची नक्षी दुहेरी विणीची. एका बाजूला फुलाचा जो रंग, तो उलट बाजूला जमिनीचा. चादर उलटली की नक्षीही उलटते, आणि दोन्ही बाजू सुलट वाटतात. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा एका गावाचे नाव कायद्याने एका वस्तूशी बांधले गेले. याच शहरात थोर माणसांचे चेहरे विणलेली भिंतचित्रेही होतात. कपाळाची सावली, चष्म्याची काडी, सगळे धाग्यांत.

चेहरा विणण्याचा हा खटाटोप लियोंमध्येही झाला होता, आणि तिथेच कथा मोठे वळण घेते. १८३९ मध्ये खुद्द जाकारचे चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. कोरीव छापाचे चित्र समजून लोक फसत, इतके ते बारीक होते. त्याची एक प्रत लंडनला चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाकडे होती. तो तेव्हा आकडेमोड करणाऱ्या एका प्रचंड यंत्राचा आराखडा करत होता, आणि यंत्राला आज्ञा द्यायला त्याने आधीच जाकारची कार्डे निवडली होती. १८४३ मध्ये एडा लव्हलेस हिने त्या यंत्रावर टिपणे लिहिली आणि यंत्राच्या बीजगणिताची तुलना मागावरच्या फुलापानांशी केली. यंत्र पुरे झाले नाही. कल्पना मात्र टिकली.

इथे थोडे थांबायला हवे. माग हाच संगणकाचा बाप, असे सरळ सांगितले जाते. वंशावळ इतकी सरळ नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ याने भोकांच्या कार्डांवर माणसांची मोजणी केली. आपल्याला हे सुचले ते आगगाडीच्या तिकिटांवरून, असे त्याने सांगून ठेवले आहे. उतारूचे केस कसे, नाक कसे, हे तिकीटतपासनीस तिकिटाला भोके पाडून नोंदवून ठेवत. म्हणजे मागाच्या कार्डावर नक्षी होती, हॉलरिथच्या कार्डावर माणूस आला: वय, धंदा, जन्मस्थान. नक्षीतली कार्डे एका क्रमाने बांधलेली असतात, त्यातले एक हलवले की मोर मोडतो. माणसांची कार्डे सुटी होती. ती हवी तशी वाटता येत, पुन्हा एकत्र करता येत, दुसऱ्या कसोटीवर पुन्हा वाटता येत. हॉलरिथची कंपनी पुढे इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचे नाव आयबीएम झाले.

सुट्या कागदी चिठ्ठ्यांचे घराणे मात्र यंत्रावाचून वाढले. त्याचा थोर नमुना महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम हाती घेतले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचायचे, प्रत्येक शब्दाची जागा, अर्थ, संदर्भ एका चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी कपाटात आपल्या जागी लावायची. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. वर्षानुवर्षे विद्वान बसून हेच करत होते. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एका शब्दाचा खण उघडला की ऋग्वेदापासून पुढच्या हजारो वर्षांत त्या शब्दाने कोणती वळणे घेतली, ते चिठ्ठ्यांच्या क्रमात समोर येते. हा नकाशाच आहे, फक्त तो बोटांनी चाळावा लागतो.

दोन घराण्यांची सोयरीक पडद्यावर जुळली. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड याने प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर रेघा ओढून दाखवल्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट याने भरल्या सभागृहात जे दाखवले, ते तर आजच्या साधनांचे बारसेच म्हणावे. त्याने बाजारहाटाची यादी पडद्यावर लिहिली, तिच्यातल्या वस्तू गटांत लावल्या, आणि मग घरी जाताना कुठे थांबून काय घ्यायचे याचा नकाशा समोर आणला. आणायच्या भाजीपासून सुरुवात करून त्याने माणसाच्या विचारांची मांडणी यंत्रावर ठेवून दाखवली. १९७९ मध्ये व्हिझिकॅल्क आले आणि चौकटींचा कागद हिशेबनिसांच्या पडद्यावर पसरला. १९८७ मध्ये बिल ॲटकिन्सनचे हायपरकार्ड आले. त्यात पडद्यावरच्या पानाला 'कार्ड'च म्हणत, आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर कुठूनही उडी मारता येई.

फांद्यांचे चित्र मात्र शिक्षणाच्या वाटेने आले. अमेरिकेत जोझेफ नोव्हाक १९७० च्या दशकात मुलांना विज्ञानाच्या कल्पना कशा समजतात ते तपासत होते. मुलाखतींच्या ढिगातून अर्थ लागावा म्हणून त्यांनी कल्पना चौकटींत लिहून रेघांनी जोडल्या आणि रेघांवर नात्याचा शब्द लिहिला. इंग्लंडमध्ये टोनी बझन यांनी १९७४ च्या सुमारास बीबीसीच्या कार्यक्रमातून 'माइंड मॅप' घरोघर नेला. संगणकावर त्याला रूप देणाऱ्यांत माइक जेटर हे नाव विसरू नये. रक्ताच्या कर्करोगातून बरे होत असताना त्यांनी 'माइंडमॅन' लिहिले. १९९४ मध्ये ते बाहेर आले आणि पुढे माइंडमॅनेजर म्हणून वाढले. २००० मध्ये फ्रीमाइंड हे फुकटचे, सर्वांना खुले असलेले साधन आले.

मागाकडेही संगणक परतला. १९८३ मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने कार्डांवाचून चालणारे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले. धागे उचलायचे की नाहीत हे आता पुठ्ठ्याऐवजी फाइल सांगते. भारतात सरकारच्या डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनने विणकरांसाठी 'डिजीबुनाई' तयार केले. ते मोफत आहे आणि त्याची अंतर्गत रचनाही सर्वांना पाहता येते. पडद्यावर चौकटी रंगवायच्या, नक्षी उलटवून, दुप्पट करून, रंग बदलून पाहायची आणि मनाजोगती झाली की मागासाठी उतरवून घ्यायची. हाताने कागद रंगवताना ज्या फेरफाराला दिवस जात, तो आता बसल्या बैठकीत होतो.

फाइल आली तरी जुनी कार्डे कुणी लगेच टाकून देत नाही. एकेका नक्षीची माळ गठ्ठा करून, दोरीने आवळून, भिंतीलगत ठेवलेली असते. एखाद्या गिऱ्हाइकाला आईच्या काळातलीच चादर हवी असते. मग गठ्ठा काढायचा, धूळ झटकायची, फाटलेल्या कार्डाला नवा पुठ्ठा लावून भोके जुळवायची, माळ जेकार्डवर चढवायची. पहिले कार्ड सुयांसमोर येते आणि मोराच्या पायांपासून विणकाम सुरू होते.