नोकरी सोडून पवईला

शिक्षण संपल्यावर हाती आलेली नोकरी सोडायची किंवा लांबवायची, दोन-एक वर्षे धर्मशिक्षण घ्यायचे आणि मग तरुणांमध्ये काम करायचे, या रिवाजाला मुंबईच्या उपनगरांत ठळक रूप दिले ते पवईच्या सांदीपनी साधनालयाने. चिन्मय मिशनची ही निवासी संस्था १९६३ साली सुरू झाली. कीर्तनकार आणि पुराणिक प्रपंच सांभाळून धर्म सांगत आलेच होते, पण त्यांचा श्रोता देवळात चालत यायचा. कॉलेजच्या मुलाकडे मुद्दाम जाणारा, स्वतःही नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला आणि इंग्रजीत गीता सांगू शकणारा माणूस तयार करणे, ही गोष्ट निराळी होती.

धर्मशिक्षकांच्या पाठशाळा या पट्ट्याला नव्या नव्हत्या. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधू आंतोनियो दो पोर्तो याने मठ आणि विद्यालय उभारले. वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) पोर्तुगीजांच्या ताब्यातली साष्टी मराठ्यांकडे आली आणि मठाचा तो कारभार संपला. पडक्या भिंती आजही लेण्यांच्या माथ्यावर उभ्या आहेत. अंधेरीत महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर जेझुइटांचे विनयालय आहे. तिथे उमेदवार पहिली दोन वर्षे काढतो. पुढे तत्त्वज्ञानाचा अभ्यास झाला की ईश्वरशास्त्राला बसण्याआधी त्याला एखाद्या शाळेत किंवा संस्थेत कामाला पाठवतात. वर्गावर उभे राहिल्यावर तो कसा निभावतो, हे यात वरिष्ठांना कळते आणि त्याचे त्यालाही. उमेदवारीची ही पद्धत जुनी आणि कसलेली आहे, पण ती आजन्म व्रताच्या वाटेवरचा एक मुक्काम आहे. काही काळापुरते काम करून प्रपंचात परतणे तिच्या आखणीत नाही.

परतीची वाट मोकळी ठेवणारी पद्धत आधी अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट कॉलेजांत रुजली. तिच्या मुळाशी असलेला तरुण मात्र कोल्हापूरचा होता. रॉबर्ट वाइल्डर याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरात, मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या घरी झाला. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर तो प्रिन्स्टनला शिकला आणि १८८६ साली पदवीधर झाला. त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे धर्मप्रचारक ड्वाइट मूडी यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे शिबिर भरवले. सुमारे अडीचशे मुले महिनाभर तिथे राहिली. परदेशी मिशनकार्याला जाण्याचा इरादा असलेली मुले सुरुवातीला वीस-एकवीसच होती. एका संध्याकाळी दहा देशांच्या वतीने दहा तरुण उठले आणि प्रत्येकाने तीन-तीन मिनिटांत आपापल्या देशाची गरज मांडली. शिबिर उठेपर्यंत नाव देणाऱ्यांचा आकडा १०० वर गेला.

पुढचे शैक्षणिक वर्ष वाइल्डर आणि लाहोरच्या मिशनरी घरातला जॉन फोर्मन यांनी कॉलेजे पालथी घालण्यात घालवले. खर्च एका धनिकाने उचलला. सुमारे १६० संस्थांना भेटी झाल्या आणि दोन हजारांवर मुलामुलींनी नावे दिली. सगळी काही परदेशी गेली नाहीत. बरीचशी नोकरी-संसाराला लागली. तरीही या वर्षाने एक कायमची जागा तयार केली: फिरता विद्यार्थी-कार्यकर्ता. वय विशीतले, मुदत वर्षभराची, मानधन बेताचे आणि बोलायचे ते स्वतःच्या बरोबरीच्यांशी. १८८८ साली या प्रयत्नांतून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट रीतसर स्थापन झाली आणि माउंट हर्मनच्या शिबिरातलाच जॉन मॉट तिचा अध्यक्ष झाला. वाइल्डर पुढे भारतात परतले आणि वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेच्या वतीने इथल्या कॉलेजांत काम करू लागले. कोल्हापुरात त्यांच्या घराण्याच्या नावाचे वाइल्डर मेमोरियल चर्च आहे, पण जगभरच्या विद्यार्थी-चळवळीला वळण देणारा माणूस या गावात जन्मला हे शहरात फारसे कुणाच्या तोंडी नसते.

भारतात ही पद्धत वाय.एम.सी.ए.च्या कॉलेज सेक्रेटरींमार्फत आली. मुंबईत वाय.एम.सी.ए. १८७५ पासून होतीच. १९१२ साली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटची भारतीय शाखा निघाली, कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी १९२४ साली मद्रासकडे ऐकफ ही संघटना सुरू झाली आणि १९५४ साली इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांची वेगळी संघटना उभी राहिली. या सगळ्यांचे कामकाज थोड्याफार फरकाने एकाच साच्याचे होते: वसतिगृहातली अभ्यासमंडळे, सुट्टीतली शिबिरे आणि त्यांतून वर आलेला एखादा पूर्णवेळ कार्यकर्ता.

पवईतला प्रयोग दुसऱ्या परंपरेतला, पण माणसे घडवण्याचा प्रश्न तोच. चिन्मय मिशन ज्यांच्या नावाने चालते ते स्वामी चिन्मयानंद, पूर्वाश्रमीचे बालकृष्ण मेनन, लखनौला शिकले होते आणि नॅशनल हेरल्डमध्ये पत्रकार होते. संन्यास घेतल्यावर डिसेंबर १९५१ मध्ये त्यांनी पहिला ज्ञानयज्ञ, म्हणजे उपनिषदांवरची व्याख्यानमाला, पुण्यात केला, तोही इंग्रजीतून. उपनिषदे इंग्रजीत सांगणे त्या काळी अनेकांना रुचले नाही, पण ऑफिसात जाणारा, परंपरेपासून तुटलेला शहरी माणूस त्यामुळेच श्रोत्यांत येऊन बसला. दहा वर्षांत व्याख्यानांची मागणी एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आणि शिकवणारे तयार करणारी संस्था काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तिला नाव मिळाले कृष्णाच्या गुरूचे.

त्या वेळचे पवई म्हणजे तलाव, टेकड्या, नवी आयआयटी आणि लार्सन अँड टुब्रोचा कारखाना. अंधेरीहून साकी विहार मार्गाने तिकडे जाणे म्हणजे शहराबाहेर जाणे. मुक्काम करून शिकायला अशी जागा सोयीची होती. सुमारे अडीच वर्षांचा अभ्यासक्रम होता: संस्कृत, गीता, उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि त्यांवरचे शांकरभाष्य. पहाटे ध्यान, दिवसभर पाठ आणि मधल्या वेळात आश्रमाची कामे. राहण्या-जेवण्याचा भार संस्थेचा. वर्गासमोर उभे राहून बोलण्याचा सराव हा शिक्षणाचाच भाग होता, कारण बाहेर पडल्यावर काम बोलण्याचेच होते. अभ्यास पुरा झाला की ब्रह्मचारी म्हणून एखाद्या केंद्रावर नेमणूक व्हायची. तिथे मुलांचे बालविहार वर्ग, युवा केंद्र, ज्ञानयज्ञाची व्यवस्था, सगळे एकट्याच्या अंगावर. संन्यास ही फार पुढची गोष्ट आणि तो घेतलाच पाहिजे असेही नव्हते.

इथे आलेली माणसे पाहिली की नोकरी आणि आश्रम यांतले अंतर किती कमी झाले होते ते दिसते. १९७२ ते १९७९ या काळात पवईत दोन दीर्घ अभ्यासक्रम शिकवणारे स्वामी दयानंद सरस्वती तारुण्यात व्होल्कार्ट ब्रदर्स या कंपनीत होते आणि काही काळ हवाई दलातही. पुढे १९९३ पासून २०१७ पर्यंत मिशनची धुरा वाहणारे स्वामी तेजोमयानंद म्हणजे मध्य प्रदेशातील मराठी घरातले सुधाकर कैतवाडे. भौतिकशास्त्राचा हा विद्यार्थी सत्तरच्या दशकात पवईला शिकून कार्यात उतरला. मुलगा एम.एस्सी. करतो आणि पगाराच्या नोकरीऐवजी पिवळी वस्त्रे घालतो, हे मध्यमवर्गीय घराला सहज पचणारे नव्हे. गुरुकुलाला ठरावीक मुदत आणि लेखी अभ्यासक्रम असल्याने घरच्यांशी बोलायला निदान एक आधार मिळत असे.

मराठी वाचकाला याच धर्तीचा शब्द संघटनांच्या बोलीतून ओळखीचा आहे. राष्ट्र सेवा दलात पूर्णवेळ सेवक असत. रा. स्व. संघ आणि अभाविप यांच्याकडे सुट्टीत किंवा ठरावीक काळासाठी काम करणाऱ्याला विस्तारक म्हणतात. त्यातला एखादाच पुढे आयुष्यभरासाठी उतरतो. परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात आणि कॉलेज जूनमध्ये उघडते. ही मधली मे महिन्याची सुट्टी सर्वच पंथ-पक्षांच्या शिबिरांची सुगी ठरली.

अडीच वर्षेही ज्यांना देता येत नाहीत त्यांच्यासाठी चिन्मय मिशनने नंतर पदवीधर तरुणांकरिता सुमारे वर्षभराचा युवा उपक्रम आखला. आधी शिबिरात शिकायचे, मग एखाद्या केंद्रावर प्रत्यक्ष काम करायचे. मुळशी तालुक्यात कोळवण येथे उभे राहिलेले चिन्मय विभूती हे अशा शिबिरांचे मोठे ठिकाण आहे. वर्ष संपल्यावर बरेच जण नोकरीत परततात आणि थोडे पवईच्या गुरुकुलाकडे वळतात. परतलेल्यांना अपयशी ठरवण्याचे कारण नाही. घाटकोपर-मुलुंडकडचे बालविहाराचे साप्ताहिक वर्ग पूर्णवेळ आचार्यांच्या नव्हे, तर आठवडाभर पगारी नोकरी करून सुट्टीच्या दिवशी मुलांसमोर बसणाऱ्यांच्या बळावर चालतात.