तळाची ओळ

दैनिकाच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते: अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. पत्रकार तिला प्रिंटलाइन म्हणतात. वाचक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कोर्टात मात्र पहिल्यांदा तीच वाचली जाते.

तिचा जन्म धास्तीतून झाला. 1799 साली टिपूशी लढाई चालू असताना गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याच्या वृत्तपत्रांना फर्मावले, की अंकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव हवे. मालक-संपादकांची नावे सरकारला कळवा, मजकूर आधी तपासून घ्या. त्याच वर्षी, फ्रेंच क्रांतीच्या भीतीने, इंग्लंडमध्येही छापील कागदावर मुद्रकाचे नाव सक्तीचे झाले. पुढे पूर्वतपासणी गेली, 1835 साली हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफने वृत्तपत्रांना लागणारे परवानेही काढून टाकले. नावाची अट तेवढी ठेवली. 1867 च्या कायद्याने ती पक्की केली.

या सगळ्यात लेखकाचे नाव कोणी मागितलेच नाही. म्हणून तर सरकारी नोकरीतले गोपाळ हरी देशमुख 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने समाजाला खडे बोल सुनावू शकले. लिहिणारा पडद्याआड राहू शके, कारण त्याच्यासाठी जामीन राहिलेला माणूस उघड्यावर असे.

हा जामीन किती महाग पडतो, ते 1897 साली दिसले. ‘केसरी’तल्या शिवाजी उत्सवाच्या वृत्तान्तावरून आणि ‘भवानी तलवारीची खूण’ अशा सहीच्या कवितेवरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. पिंजऱ्यात टिळक होते आणि मुद्रक केशव महादेव बाळ. बाळ सुटले, टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. संपादकाचे नाव अंकावर छापण्याची सक्ती कायद्यात आली ती त्यानंतर, 1922 साली.

इंटरनेटवर ही ओळच उरली नाही. टोपणनावाने लिहिणारा जुनाच आहे, नवीन आहे तो जामिनाचा अभाव: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या कंपनीला, काही अटींवर, दायित्वातून मोकळे करते. त्यामुळे शिवीगाळ झाली की मागणी होते ती लिहिणाऱ्याच्या ओळखपत्राची. ती मान्य झाली, तर शिव्या देणाऱ्याबरोबर आजचा लोकहितवादीही उघडा पडेल. छापखान्याच्या काळात त्याच्यावर ती पाळी येत नसे, कारण छापण्याआधी मजकूर वाचून ‘याला मी जबाबदार’ म्हणणारा कोणीतरी असे. आज खरी उणीव त्याचीच आहे.