महिषासुराचा गुन्हा

दरवर्षी बी.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन मी वेरूळला जातो. कैलास लेण्यात महिषासुरमर्दिनीचे मोठे शिल्प आहे. सिंहावर बसलेली देवी, समोर माणसाच्या देहाचा, डोक्यावर शिंगे असलेला महिषासुर आणि वर आकाशात ही लढाई पाहणारे देव. दोन वर्षांपूर्वी तिथे एका मुलाने विचारले, "सर, ह्याचा गुन्हा काय होता?" बाकीची पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही. मी इतिहास शिकवतो. शिल्पाचे शतक, राजा, घराणे मी घडाघडा सांगू शकत होतो: आठवे शतक, राष्ट्रकूट कृष्ण पहिला. पण गुन्हा काय, ते कुणी मला कधी शिकवले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते.

परत आल्यावर मूळ कथा वाचायला घेतली. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात ती आहे. अभ्यासक हा भाग साधारणपणे पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. कथेतला महिष म्हणजे विनाशाची मूर्तीच. तो खुरांनी पृथ्वी फाडतो, शेपटीच्या तडाख्याने समुद्र उसळवतो, शिंगांनी ढगांच्या चिंध्या करतो, त्याच्या श्वासाने पर्वत उडतात. त्याचे रूपही स्थिर नाही. रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा खड्गधारी पुरुष, पुरुषाचा हत्ती, आणि हत्तीचा पुन्हा रेडा. ऐकणाऱ्याच्या मनात धडकी भरावी, अशीच ही रचना आहे.

पण हा सारा उत्पात युद्धाच्या वर्णनात येतो. युद्धाचे कारण त्याच्या आधी, दोन-तीन श्लोकांत उरकले आहे. महिषाने देवांना हरवले आणि तो स्वतः इंद्र झाला. सूर्य, अग्नी, वायू, चंद्र, यम, वरुण यांचे अधिकार त्याने आपल्याकडे घेतले. स्वर्गातून हाकललेले देव मर्त्य माणसांसारखे पृथ्वीवर भटकू लागले. देवांची तक्रार एवढीच आहे. त्याने अमक्याची गाय पळवली, तमक्याचे घर जाळले, असा आरोप तिथे नाही. अधिकार ज्यांचे नव्हेत त्यांनी घेतले आणि ज्यांचे होते त्यांना सामान्यांसारखे जगावे लागले, हा गुन्हा! ज्याच्या बापजाद्यांनी गावची चावडी फक्त बाहेरून पाहिली, त्याला या गुन्ह्याची भाषा ओळखीची वाटल्याशिवाय राहणार नाही.

'असुर' हा शब्दही मुळात शिवी नव्हता. ऋग्वेदात तो वरुणाला लावला आहे, अग्नीला आणि इंद्रालाही लावला आहे. इराणी परंपरेत त्याचाच भाऊबंद 'अहुर' हा परमेश्वरवाचक झाला. आपल्याकडे मात्र कालांतराने तोच शब्द शत्रूचा झाला. पुढे 'अ' म्हणजे नकार असे समजून 'सुर' हा देववाचक शब्द मागाहून पाडण्यात आला. आधी शत्रू ठरला, मग व्युत्पत्ती झाली.

आता पुराण मिटून आपल्या शिवारात येऊ. आमच्या गावच्या बांधावर शेंदूर फासलेला एक धोंडा आहे. आजी म्हणायची, "म्हसोबाला निवद दावल्याबिगर तोंडात घास घालायचा नाय." हाच म्हसोबा म्हणजे महिषासुर, असे दामोदर धर्मानंद कोसंबींनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात मांडले. पुणे परिसरातली देवस्थाने त्यांनी पायी हिंडून पाहिली होती. देवळातली देवी ज्याला मारते, त्याचेच काही ठिकाणी जोगुबाईशी, म्हणजे योगेश्वरीशी, लग्न लागते, हे त्यांनी दाखवून दिले. ग्रंथातला राक्षस शिवारात राखणदार आहे आणि ग्रंथातला मारेकरी शिवारात बायको आहे. कुणाचे पशुपालक दैवत कुणी जिंकले, कुठे मारले, कुठे सोयरिकीने सामावून घेतले, याचे ठसे या धोंड्यांवर आहेत.

कोसंबींच्या ८९ वर्षे आधी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) हाच प्रश्न विचारला होता. बळीराजाच्या राज्यातला 'महासुभा' हा अधिकारी, त्याचा म्हसोबा झाला, अशी त्यांची मांडणी. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकत नाही, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. तसे म्हटल्याने जोतीरावांचे मोठेपण कमी होत नाही. कथा जिंकणाऱ्याने लिहिली आहे, तेव्हा ती हरणाऱ्याच्या बाजूने वाचा, ही दृष्टी त्यांनी दिली. उत्तर चुकले तरी प्रश्न त्यांचाच आहे, आणि तो अजून जिवंत आहे.

या कथेचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे, तो रक्तामांसाचा. अनेक गावांत दसऱ्याला किंवा मरीआईच्या जत्रेत रेडा मारला जाई. पुराणातला वध गाव दरवर्षी असा पुन्हा करी. त्यात रेडा ओढण्याचे, मुंडके वाहण्याचे, ते पुरण्याचे काम महार-मांगांच्या वाट्याला येई. मांसही त्यांच्याच वाट्याला, आणि मांस खातात म्हणून विटाळही त्यांचाच! आमच्या आज्याने तरुणपणी ते मुंडके डोक्यावरून वाहिले होते. गळ्यापर्यंत रक्त ओघळायचे, एवढेच तो सांगे आणि गप्प होई. देवीचा जय गावाचा होता. मारलेल्याचे ओझे मात्र आमच्या माथ्यावर होते. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा असे बजावले, तेव्हा केवळ खाण्याचा प्रश्न नव्हता. तो मुंडके खाली ठेवण्याचा प्रश्न होता.

आज आपली तरुण मंडळी म्हणतात, महिषासुर आमचा राजा होता. झारखंडमधील असुर ही लोखंड गाळणाऱ्यांची आदिवासी जमात त्याला पूर्वज मानते आणि दुर्गोत्सवात शोक पाळते. दिल्लीच्या विद्यापीठात २०११ पासून त्याचा शहादत दिवस पाळला जाऊ लागला. २०१६ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. असुरांचा शोक खरा आहे, त्याचा आदर केलाच पाहिजे. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून मला एक सांगणे भाग आहे. महिष नावाचा राजा होऊन गेला याला शिलालेख नाही, नाणे नाही. पुराण हा त्यांचा पुरावा होऊ शकत नाही, तसा तो आपलाही होऊ शकत नाही. शिवाय खलनायकाच्या जागी नायक आणि नायकाच्या जागी खलनायक बसवला, तरी मखर तेच राहते. त्यात कुणीतरी मरावेच लागते.

मखराबाहेरची वाट आपल्याच प्रदेशात कोरलेली आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या शिल्पात, मार आपले सैन्य आणि मुली घेऊन आला आहे. मध्ये बुद्ध बसले आहेत. हातात त्रिशूळ नाही, चक्र नाही. उजव्या हाताची बोटे फक्त जमिनीकडे वळली आहेत. पाली ग्रंथांत मार पुन्हा पुन्हा येतो. बुद्ध त्याला मारत नाहीत, ओळखतात. ओळखला गेला की तो खिन्न होऊन निघून जातो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी माराला बाहेरचा राक्षस मानलेच नाही. मनात शिरणारे वाईट विचार आणि विकार, असाच त्याचा अर्थ लावला.

१४ ऑक्टोबर १९५६ हा दसऱ्याचा दिवस होता. गावोगावी देवीच्या विजयाचा जयघोष चालू असताना नागपूरला लाखो माणसे कुणाचाही वध न करता उठून निघून आली. आमचा आजा त्यांत नव्हता. पण त्यानंतरच्या दसऱ्याला त्याने मुंडके उचलायला नकार दिला. पुढे दोन वर्षे त्याला गावात कुणी काम दिले नाही.

यंदा वेरूळला गेलो की त्या शिल्पापुढे हे सगळे सांगणार आहे. मग त्याच प्रवासात पोरांना अजिंठ्याला नेणार आहे.