मेथी, गवार, इसबगोल : शुगरवर हा चिकट पदार्थ नेमका काय करतो?

शुगर निघाली की पहिला सल्ला मिळतो, भात-साखर कमी करा. म्हणजे कर्बोदकं कमी करा. पण काही वनस्पतींमधली कर्बोदकंच शुगर आटोक्यात ठेवायला मदत करतात, हे फार लोकांना माहीत नसतं.

चमचाभर मेथ्या रात्री पाण्यात भिजत टाका. सकाळी पाणी बुळबुळीत झालेलं दिसेल. तो बुळबुळीतपणा म्हणजे गॅलॅक्टोमॅनन नावाचं कर्बोदक. तेही साखरेच्याच कणांची साखळी आहे, पण आपल्या पोटाला ती तोडता येत नाही. त्यामुळं तिची रक्तात साखर होत नाही. उलट ती पाणी धरून फुगते, जेवण घट्ट करते, जठरातून अन्न सावकाश पुढं सरकतं आणि भाकरी-भाताची साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते. जेवणानंतर शुगर जी उसळी मारते, ती कमी होते ती यामुळं.

गवारीच्या पक्व बियांतून निघणाऱ्या गवार गममध्येही हेच कर्बोदक असतं. डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली गवार गम आणि पेक्टिन देऊन जेवणानंतरची शुगर कमी चढते हे दाखवलं. (कोवळ्या शेंगांची भाजी खाल्ली म्हणजे गम मिळाला, असं मात्र नाही. तो वाळलेल्या बियांत असतो.) पण गम घशाखाली उतरवणं अवघड, वर पोट फुगतं, गॅस होतो. म्हणून औषध म्हणून तो फारसा रुजला नाही.

मेथीवर आपल्या देशातच काम झालं. १९९० साली छापून आलेल्या एका अभ्यासात इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम, दोन वेळच्या चपात्यांत मिसळून, दहा दिवस दिली. उपाशीपोटीची शुगर उतरली, लघवीतून जाणारी साखर ५४ टक्के कमी झाली. पण १०० ग्रॅम म्हणजे किती, ते एकदा घरच्या तराजूवर बघा. चमचाभर मेथ्या गिळून तेवढा फरक पडेल असं समजू नका.

इसबगोलाचा भुसा हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. त्यातलं कर्बोदक वेगळं, अरॅबिनोझायलन, पण काम तेच. ज्यांची शुगर जास्त बिघडलेली, त्यांना फरक जास्त दिसतो, निरोगी माणसाला जवळजवळ नाही. भरपूर पाण्यातच घ्यायचा, कोरडा घेतला तर घशात अडकू शकतो. गोळ्या आणि भुसा एकाच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

आमच्या गावात एकानं मोबाईलवर आलेला मेसेज वाचून गोळ्या बंद केल्या आणि नुसत्या मेथीच्या पाण्यावर राहिला. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना, तेव्हा तपासलं तर शुगर भलतीच वाढलेली. उलटाही धोका आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मेथीपूड जास्त घेतली तर शुगर फार खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. तेव्हा लगेच साखर किंवा गूळ खायचा. गरोदर बाईनं मेथीपूड औषधासारखी घेऊ नये.

सुरू करायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, थोड्यापासून सुरू करा आणि दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासा. शुगरची प्राथमिक तपासणी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.